नमुना क्रमांक नऊ

पहाटे साडेचारला रुवीतल्या घरातून निघताना
जुईला झोपेतच पाजलं, दोन्ही अंगांनी.
शेवटचा घोट तिने गालातच ठेवला
आणि तोंड उघडं टाकून निजली.
त्या तोंडाकडे बघत मी बूट घातले.

सूरपर्यंत दोनशे किलोमीटर.
गाडी कंपनीची, चालवणारा खल्फान
तिकडचाच, नऊ नातवंडांचा आजोबा.
पहिल्या फेरीत कुरियात ओलांडल्यावर मी म्हटलं, जरा थांबता का...
पुढचं वाक्य कुठल्या भाषेत करावं ते ठरवत होते,
तोवर तो उतरलाही,
एसी चालू ठेवून, पाठ करून
टायर तपासू लागला.
वीस मिनिटं.
टायर चारच.
तेव्हापासून दर मंगळवारी त्याच वळणावर
त्याला टायरांची शंका येते.

ओढणीआड पंप कुरकुरतो.
एका तालात ओढतो, पण मध्येच थांबत नाही,
पंख्याकडे बघून हसत नाही,
मंगळसूत्र मुठीत धरून खेचत नाही.
दूध उतरेना.
मग बाहेर उतारावर कुठलंसं करडू केकाटलं
आणि पान्हा फुटला.
अंगाला एवढंच कळतं, कुणीतरी रडतंय.

मामींनी कुणाकुणाच्या हाती पाठवलेले अळिवाचे लाडू
डब्यात आहेत. एक खल्फानला दिला.
त्याने बराच वेळ चघळला, विचार केला,
मोडक्या हिंदीत म्हणाला,
हमारे हलवे का गरीब भाई.
आणि दुसरा मागितला.

प्लांटवर समुद्र नळातून आत येतो,
मीठ टाकून गोडा होऊन बाहेर पडतो.
तो खरंच गोडा झालाय असं लिहून देणं, हे माझं काम.
आठ बाटल्या, आठ लेबलं,
वेळ, तापमान, स्रोत, सही.
मग शहर पाणी पितं.

साडेअकराची मीटिंग लांबली.
एकच्या सुमारास छातीत दगड,
फाईल छातीशी धरून
मी क्लोरीनचे आकडे सांगितले.
बरोबर सांगितले.
फाईलचा पुठ्ठा आतून ओला.

लॅबमधल्या बद्रियाने काही विचारलं नाही,
बायकांच्या नमाजाच्या खोलीची किल्ली हातावर ठेवली,
अजानला अजून अवकाश आहे म्हणाली.
गालिचावर मांडी घालून बसले,
भिंतीवर काब्याच्या दिशेचा बाण,
माझ्याजवळ दिशा नव्हती, नुसती घाई.

एकशे चाळीस मिली.
बद्रियाने बाटली प्रकाशात धरली, सवयीने,
आणि नमुन्यांच्या फ्रीजमध्ये, चार अंशांवर,
आठ बाटल्यांच्या शेजारी ठेवण्याआधी
लेबल चिकटवलं: क्रमांक नऊ.
स्रोताच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
मुलाचं नाव काय, तिने विचारलं.
मुलगी, मी म्हटलं, जुई.
ते तिने दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं
आणि उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहिलं.

परतताना खल्फानला वाचायला दिलं.
उम्म जुई, तो म्हणाला. जुईची आई.
मग एसीची झडप त्याने
माझ्या पायाशी ठेवलेल्या थंड पिशवीकडे वळवली
आणि स्वतः घाम पुसत मस्कतपर्यंत आला.

घरी पोचेतो आठ.
श्रीरंगने बाटलीने पाजून निजवलेली.
मी हात धुतले, परत धुतले,
तिच्या बाजूला आडवी झाले
गळत, ठणकत, वाट बघत.
दोनला तिने डोळे न उघडता मला हुंगलं,
तोंड फिरवलं.
क्लोरीन.
अंघोळ करून आले. केस ओले.
थेंब तिच्या कपाळावर पडला तशी दचकली,
रागावली,
मग राग तोंडात धरूनच प्यायली.

सकाळी श्रीरंगने फ्रीज उघडला.
हा नववा नमुना कसला गं? टाकायचा का?
दे तिला, मी म्हटलं.
आणि लेबल काढू नकोस, भिजेल.