डावा कान

शीवच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर
माझी खोली : बाहेरचा आवाज आत येत नाही.
काचेपलीकडे दमयंती घाडी, प्रतीक्षानगर,
कानांवर हेडफोन, हातात बटण.
"सूर ऐकू आला की दाबा."
ती सूर यायच्या आधीच दाबते.
पुन्हा सांगते. पुन्हा तेच.
कुलपात किल्ली फिरायच्या आत
उठून उभं राहायची सवय ही.

केसपेपरवर कारण : मोरीत पाय घसरला.
मागच्या मंगळवारी एकीला कपाटाचं दार लागलं होतं,
त्याआधी कुणाला फळीवरचा डबा.
चौदा वर्षं मी आलेख काढतेय.
डबे, दारं, ओल्या फरश्या
डाव्याच कानाला कशा शोधून काढतात?
जगात उजव्या हाताची माणसं जास्त,
एवढंच.

"आत शिट्टी वाजते हो, कुकरची.
रात्री उठून गॅस बघते, तर बंदच."
मी लिहिते : पडद्याला भोक.
"शिवता येतो पडदा," म्हणते.
ती बराच वेळ गप्प.
"उजवा उशीत दाबून झोपलं
की त्याचं काहीच येत नाही कानावर.
शिवला, तर परत सगळं येईल?"

माझ्या फॉर्मात याला रकाना नाही.
बाहेर बाकावर तिचा नवरा,
मांडीवर तिची पिशवी घेऊन, सभ्य.
मी उठते, तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसते.
तळमजला, खोली नंबर सात.
तिथल्या बाई लिहायची घाई करत नाहीत.
हळू सांगते.
दार बंद आहे,
तरी हळू.