माघारीची वेळ

चीजच्या काट्याला नेस्तान माझी पाठपिशवी टांगते.
काटा थरथरतो, एकोणीसवर थांबतो.
"मामा, पाच दिवसांसाठी निघालायस
की बिऱ्हाड हलवतोयस?"
मी एक कांदा काढून ठेवतो.
काट्याला त्याचं काहीच वाटत नाही.

माझा बाप याच हिमनदीवरून पलीकडच्या खोऱ्यात जायचा.
डोक्यावर नमद्याची टोपी, खिशात लसूण-मेथीचं मीठ,
कातडी पिशवीत चीज.
काटा घरात तेव्हाही होता,
पण माणसाचं ओझं कुणी तोलत नसे.
जायचा आणि परत यायचा.
एकदा सोडून.

तीन आठवडे झाले, बटाट्याचं पोतं पाठीवर घेऊन
मी आमच्या दगडी बुरुजाच्या चार शिड्या
चढतो, उतरतो.
शेजारचा गेलाखसान कुंपणावरून विचारतो,
"बटाटे वर ठेवायचेत की खाली?
एकदाचं ठरव, बाबा."
डावा गुडघा चढताना मुका असतो.
उतरताना त्याला सगळं आठवतं.

नकाशा लष्करी, माझ्याहून म्हातारा.
त्यात हिमनदी अजून मेंढ्यांच्या कोंडवाड्यापर्यंत उतरते.
आता तिथे दगडांचा ढिगारा
आणि दुधाळ पाण्याचं तळं.
नेस्तान रबराने बर्फ खोडते.
मेजावर रबराचा काळा चुरा पडतो,
रेघेचा वळ मात्र राहतोच कागदावर.
बर्फ मागे सरला की काय काय वर येतं, म्हणतात.
आम्ही दोघंही ते बोलत नाही.

मग दोर.
ती दिव्याखाली तो बोटाबोटाने वाकवत जाते
आणि एका जागी थांबते.
"पीळ तसाच आहे. आतलं सूत मेलंय."
याच दोराने मी बिमुर्झाला
मोडक्या पायासकट दोन दिवस खाली सोडत आणला.
तो जगला. सतरा वर्षं दुकान चालवलं,
कुणाची उधारी विसरला नाही,
माझीसुद्धा.
हे सगळं मी नेस्तानला सांगतो.
ती पुरतं ऐकून घेते आणि म्हणते,
"वासराला बांधायला चांगला आहे."

हिवाळाभर ती बचावपथकात होती, मेस्तियाला.
कुणाकुणाला खाली आणलं ते सांगत नाही.
फक्त तंबूच्या खुंट्या मोजते,
सात, पुन्हा सात, मग आठवी माझ्या बुटात सापडते.
चुलीचा बर्नर अंगणात पेटवून बघते,
मोजे माझ्या नाकाशी धरते, "हे नाही."

रात्री एतेर भाकरीत मांस भरत असते, तेव्हा
नेस्तान पिठाच्या कागदी पिशवीचा तुकडा फाडते,
लिहिते: दुपारी एक.
खिंड शंभर पावलांवर दिसत असली तरी.
ऊन असलं तरी. मामा काहीही म्हणाला तरी.
"सही कर."
"इथे? चुलीपाशी?"
"इथेच. वर माणूस स्वतःशी खोटं बोलतो."
एतेरचे हात पिठात थांबतात.
माझा बाप किती वाजता मागे फिरणार होता,
हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.
मी सही करतो. अक्षर वाकडं येतं.

आता पिशवी साडेचौदा.
तळाशी घडी घातलेला एक बुरणूस आहे, रिकामा,
माणसाच्या लांबीचा.
तो काट्याला लावलाच नाही तिने,
मीही आठवण केली नाही.

पाऊस लागलाय. उद्या निघणं कदाचित नाहीच.
एंगुरीचा आवाज जाड झालाय,
वासरू नव्या जुन्या दोराला हिसके देतंय.
मी अंधारात अनवाणी उठतो,
कांदा पिशवीत परत घालतो.

"ऐकलं मी,"
भिंतीपलीकडून नेस्तान म्हणते.