वाडी नाक्यावर बर्फाचा टायर

आंबिया बहाराची संत्री भरून
श्रीनगरला निघालेला ईश्वर गजभिये
विचारतो, बर्फाचा टायर आहे का, काका?

यादोरावांनी जन्मात बर्फ पाहिला
तो रसवंतीच्या पोत्यातला.
तरी ते त्याच्या चाकात अंगठ्याचं नख रोवतात:
"हे रबर तिकडं दगड होते, बाप्पा.
मऊ पायजे. त्याले बारीक चिरा,
भेगाळल्या टाचेवानी.
अन् साऱ्या चाकांले सारखे घे,
नाही तं उतारावर मागचं धूड
पुढं पाहाले येईन."

मग द्या ना.

"इथून लावशीन तं
आपलंच डांबर खाईन त्याले.
पठाणकोटले घे."

ट्रक गेला. भोवनी नाही.
टायरांच्या चळतीवर
दोन संत्री,
गार.