भिंती थांबल्यावर

विश्रामबागच्या आमच्या प्रयोगशाळेत
दोन भिंती आहेत, त्या चालतात.
खरं तर पट्टे. रेवती कोष्टीच्या वडलांनी
विट्याहून पाठवलेले, यंत्रमागाच्या मोटारीवरचे.
सांधा मीच चिकटवला, दोनदा.
एक पट्टा सांगलीकडे जातो, दुसरा मिरजेकडे,
मधे चार बोटं जागा,
जागेत तेल.

तेल काचेसारखं, महाग. सांडलं तर सही द्यावी लागते.
त्यात सुईनं सोडायचा एरंडेलाचा एक थेंब,
दिसावा म्हणून हळदीत रंगवलेला.
पेठेतली हळद, मी घरी चाळून आणलेली,
बिलात ‘रंगद्रव्य’ असं लिहिलंय.
दोन्ही तेलंच, पण एकमेकांत मिसळत नाहीत,
आणि वजनाला जवळजवळ सारखी,
म्हणून थेंब बुडत नाही, वर येत नाही,
नुसता असतो.

मोटार लावली की भिंतीलगतचं तेल भिंतीबरोबर पळतं,
त्याच्या आतलं जरा हळू,
त्याच्या आतलं आणखी हळू,
आणि बरोबर मधोमध एक रेघ, जी कुठंच जात नाही.
थेंब त्या रेघेवर बसवायचा. ते काम मुजावरांचं, म्हणजे माझं.
एकतीस वर्षं झाली, सुई धरताना हात हलत नाही.
चहाचा कप धरताना हलतो.

मधे बसला म्हणून सुखात बसला, असं नाही.
डोकं सांगलीकडे ओढलं जातं, पाय मिरजेकडे.
थेंब तिरका होतो, लांबतो,
आधी वाटाणा, मग खारीक, मग शेवई,
आणि जागा न सोडता
त्याची कातडी त्याच्याभोवती फिरत राहते.

रेवतीला हवा होता तुटण्याचा क्षण.
महिनाभर ती वेग थोडाथोडा वाढवत होती
आणि वहीत लिहीत होती:
लांबला. तुटला नाही.
लांबला. तुटला नाही.
‘आमच्याकडं असं सूत निघालं असतं ना काका,’ एकदा म्हणाली,
आणि पुढच्या पानावर तारीख घातली.

गुरुवारी सव्वातीनला लाइट गेली.
मोटार थांबली, पट्टे थांबले, पंखा दोन फेरे घेऊन थांबला.
कॅमेरा बॅटरीवर, तो तेवढा चालू.
मी म्हटलं, सुटला बिचारा.

पण भिंती थांबल्या तसं तेल थांबलं,
आणि तार एकटी राहिली.
तिची दोन्ही टोकं फुगायला लागली, घाई नव्हती कसलीच,
टोकांमागची मान बारीक होत गेली,
एक टोक सुटलं.
मग दुसरं.
मग मधली सगळी तार मणी-मणी झाली,
दोन मोठ्या मण्यांत एक बारका,
पोत ओवावी तशी, फक्त दोरा नाही.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
खिडकीतून कुणाच्या तरी जनरेटरचा आवाज.
‘माग चालू होते,’ रेवती म्हणाली,
‘तोवर अण्णांना कधी डॉक्टर लागला नाही.
चौदा तास उभे. सगळे म्हणायचे, बसा आता.
बारा माग विकले, अण्णा बसले, आणि...’
तिनं कॅमेऱ्याची बॅटरी बघितली.
पट्टे कुठल्या मागाचे, ते मला तेव्हा कळलं.
पुढचं मी विचारलं नाही.
माझी ऑर्डर तीस जूनची आहे, ते तिनंही काढलं नाही.

चार वाजून पाच मिनिटांनी लाइट आली.
मोटार आपोआप सुरू झाली, बटण कुणी बंद केलंच नव्हतं.
रेघेच्या अलीकडचे मणी सांगलीला निघाले,
पलीकडचे मिरजेला,
एक बारका तेवढा मधे, फिरत.

‘पुन्हा करू,’ रेवती म्हणाली.
‘या वेळी मी बंद करते.’
मी सुई पुसली, नवा थेंब भरला, बसवला.
तो वाटाणा होता, खारीक झाला, शेवई झाला,
शेवईहून बारीक झाला,
आणि बटणावर तिचं बोट
तसंच होतं.