दोन अर्धविरामांनंतर

सूर गावात, समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर
मला एक टेबल मिळालं, टेबलावर लॅपटॉप,
आणि लॅपटॉपात मुबीन हमदुलेंची एक फाईल,
अकराशे ओळींची.
ते मार्चमध्ये हर्णैला परत गेले. मी जुलैत आले.

मेल कुठून बघायची, विचारलं
तर शिफ्टवाला म्हणाला, एडिटरातूनच.
हमदुले चहासुद्धा एडिटरातूनच प्याले असते.

काळा पडदा. माउसला काम नाही.
ज्या खिडकीत क्षारांचे आकडे लिहायचे
तिथेच दर पाच मिनिटांनी पत्रं येऊन उभी राहतात
रेशनच्या रांगेसारखी:
तारीख, नाव, विषय, पुढचा.
डी दाबलं तरी पत्र मरत नाही,
नुसती खूण होते.
एक्स दाबेपर्यंत माफी असते.
आमच्या घरात एवढी मुदत
कुणी कुणाला दिल्याचं आठवत नाही.

पहिल्याच आठवड्यात एक कंस मिटायला विसरले.
कंस मोकळा,
बाकी सगळे मथुरेत कैद.
ना पत्र येईना ना जाईना.
रात्री दोनपर्यंत एकेक ओळ बंद करून बघत होते,
काचेवर बाहेरून दमट हवा घाम धरून बसलेली,
पंपांची घरघर, आणि मी
कंस मोजतेय, बोट लावून, पहिलीतल्या पोरीसारखी.

तेव्हा त्यांच्या टिपा दिसल्या.
दोन अर्धविराम दिले की पुढचं यंत्र वाचत नाही.
तेवढी जागा माणसांची.
हमदुलेंनी तिथे मराठीत लिहून ठेवलं होतं:

;; हे का चालतं मला ठाऊक नाही. चालतंय तोवर हात लावू नये.
;; पासवर्ड इथे उघडा लिहू नये. मी लिहिला होता. शरम वाटते.
;; वेलांटी आपलं अक्षर सोडून शेजारच्या घरात जाते.
;; तीन फॉन्ट बदलले. जाऊ दे, संध्याकाळी येईल परत.

कंस सापडला, दोनशे सहाव्या ओळीत.
सकाळी स्टोअरला पहिलं पत्र लिहिलं:
मेम्ब्रेनचे सहा नग, तातडीने.
कंट्रोल-सी, पुन्हा कंट्रोल-सी. गेलं.

चार मिनिटांत उत्तर:
हमदुले! कधी आलास?
मस्कतला घ्यायला आलो असतो, कळवलं का नाहीस?

फाईल उघडली. चौदाव्या ओळीत
नाव अजून त्यांचंच.
खुलासा लिहायला घेतला. पुसला. पुन्हा लिहिला.
नाही आले, एवढंच म्हणायचं होतं,
पण ते तातडीने कसं म्हणायचं?

दुपारी स्टोअरचा खल्फान स्वतःच आला,
हातात हलव्याचा डबा,
आणि खुर्चीत मी.
डबा कुठे ठेवावा त्याला कळेना.

मग मी त्याला फाईलच दाखवली.
नऊशे बाराव्या ओळीपाशी त्याच्या नावाचा वेगळा कप्पा.
मराठी त्याला येत नाही, माझी हिंदी तो हसून सोडून देतो,
तरी अडखळत वाचून दाखवलं:

;; खल्फानची पत्रं सगळ्यांत वर दिसावीत.
;; तो दुसऱ्यांदा आठवण करत नाही.
;; नुसता वाट बघत बसतो.

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.
त्या ओळींत त्याला ओळखू येईल असं
दोन अर्धविरामांपलीकडे काही नव्हतं.
वरची ओळ परत वाच, म्हणाला.
वाचली.
सहा नग उद्या, म्हणाला,
आणि डब्याचं झाकण काढलं.

हलवा गरम होता, केशराचा, बोटांना सोडेना.
तशा बोटांनी कीबोर्डला कोण हात लावणार,
म्हणून चौदावी ओळ
संध्याकाळपर्यंत तशीच राहिली.