मतलई

तीन जागा पाहिल्या, खिशात चिंचोके घेऊन.
माणूस थांबला की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्यात.
नुसता चालत गेला तर नाही.

पहिली कुडाळला, हायवेला लागून.
गाड्या थांबत होत्या, माणसं नाही:
लघवी, वेफर्स, पुन्हा गोवा.
तासाभरात उजवा खिसा जड झाला,
एकाचाही चेहरा सांगता आला नसता.

दुसरी सागरेश्वरच्या सुरुबनात.
समोर समुद्र, अख्खा, भाड्यात धरलेला.
दलालाने हात असा फिरवला
जणू लाटा त्यानेच बसवून घेतल्यात.
मी दोन तास बसले.
चिंचोके तीन. त्यातला एक कुत्र्याचा.

बहिणीचा सर्वेश पुण्याहून फोनवर:
मावशी, आधी कन्सेप्ट ठरव, जागा मागून येते.
भिंतीवर जाळी, टेबलांना वल्ही, कपांवर नांगर.
म्हटलं, बाबा, इथे जाळं भिंतीवर टांगलं
तर लोक विचारतील, खय फाटला?
आणि एखादा शिवायलाच बसेल.

तिसरी, जागा म्हणून पाहिलीच नव्हती.
वेंगुर्ल्याच्या बंदरावर बावतीस फर्नांडिसचा
बंद पडलेला बर्फाचा कारखाना,
त्यातली पुढची खोली, जिथे लाद्या फोडायचे.
फरशीवर अजून हातोड्याचे खळगे.
किल्ली देताना तो म्हणाला,
"बाय, हय वास येतलो. बांगड्यांचो. कापी पितलो कोण?"

रास्त होतं.
बांगड्यापुढे कॉफीचं काय चालणार.

तरी दुसऱ्या दिवशी पहाटे चारला
स्टोव्ह, लोखंडी कढई, चिकमगळूरचं पावशेर हिरवं बी.
एकटीच भाजत बसले. आधी वाळल्या गवताचा वास,
मग ओल्या पोत्याचा, मग तडतड सुरू झाली
आणि धूर दारातून बाहेर पडला
तो डावीकडे नाही, उजवीकडे नाही,
सरळ धक्क्याकडे, पाण्याकडे,
रोजच्या वाटेने निघाल्यासारखा.

खारे वारे, मतलई वारे.
सहावीच्या भूगोलात चार मार्कांना होते.
मी उलटे लिहिले होते.

पहाटे जमीन श्वास सोडते.
बांगड्यांचा वास तिच्यापुढे, बाहेर, दर्यावर.
माझ्या खोलीत फक्त कॉफी.

टोपल्या उपड्या घालून बसलेल्या बायका
एकेक करून वळल्या. होड्यांचे दिवे अजून लांब होते.
शेवंता गिरप दारात आली.
"काय गो जळता?"
कापी, म्हटलं.
"कापी? ती ताप इलो काय पितत. नायतर मयताच्या रात्री."
पण उभी राहिली.
घरच्या झाडाचं जायफळ किसून दिलं.
तिने तोंड वाकडं केलं. पेला परत दिला नाही.
"होडी येयसर रवतंय," म्हणाली,
आणि खळग्यांच्या फरशीवर मांडी घालून बसली.

चिंचोके त्या दिवशी घरीच विसरले होते.

अकराच्या सुमाराला वारा फिरतो.
मग बांगडा आत येतो, खुर्ची ओढून बसतो,
त्याच्याशी वाद नको.
पहाटे चार ते वारा फिरेपर्यंत, एवढंच सर्वेशला कळवलं.
तो म्हणाला, हा कन्सेप्ट नाही, ही वेळ आहे.
असेल.

पंधरा रुपयांत पेला परवडत नाही, हे खरं.
वीस म्हटले तर शेवंता काय म्हणेल, तेही मला माहीत आहे.
आणि जून-जुलैत होड्या वाळूवर चढल्यावर
इथे कोण कुणाची वाट पाहणार?
याचं उत्तर नाही माझ्याकडे.

बावतीसने आगाऊ पाच हजार दोनदा मोजले.
"खळगे बुजवून दिव?"
नको, म्हटलं.
टेबलांच्या पायांखाली चिंचोके घातलेत.
एक पाय अजून डुगडुगतो.