यासारखं आणखी

बिजॉयने माझ्या फोनमध्ये ते टाकून दिलं आणि म्हणाला,
तांडेलभाई, आता नाव आठवायचं नाही. नुसतं दाखवायचं.

शारजा, इंडस्ट्रियल एरिया नंबर दहा.
गोडाऊनमध्ये सहा हजार खण,
आणि एकोणीस वर्षं त्या सगळ्यांची नावं
माझ्या एकट्याच्या तोंडात, सुपारीसारखी
ह्या गालातून त्या गालात.
मालकाचा निरोप: आठवडाभर वापरून बघा,
मग सांगा, घ्यायचं की नाही.

बेअरिंग दाखवलं. ओळखलं, नंबरासकट.
वॉटर पंपाचं सील. ओळखलं.
मग तो गंजका ब्रॅकेट, ज्याला आम्ही आपसात बोकड म्हणतो
कारण त्याला दोन शिंगं आहेत.
त्याने चौतीस फोटो आणले, वर लिहिलं:
कपडे अडकवायचा हूक.
मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

दुपारच्या सुट्टीत मी सुटलोच.
चहाचा कप दाखवला, कप आले.
गेटाजवळचं घाफ दाखवलं:
बाभूळ, शमी, आणि एका हॉटेलची जाहिरात.
गुलबहार ड्रायव्हरची पेशावरी चप्पल
तीन दुकानांत मिळत होती, घरपोच.
खुद्द गुलबहार दाखवला तर म्हणालं,
पुरुष, दाढी, हसतो आहे.
गुलबहार हसत नव्हता.
त्याचे दात तसे आहेत.

प्रत्येक वेळी खाली एक बटण:
यासारखं आणखी.

बुधवारी चाळीस फुटी कंटेनर आला.
ऑगस्ट. पत्र्याला हात लावायची सोय नाही.
साडेसहाला शर्ट काढून खुंटीला लावला,
कंपनीचा, गडद निळा,
तर पंख्याखाली वाळता वाळता
पाठीवर मीठ वर आलं.
पांढरी रेघ, वाकडी, खांद्यापासून कमरेपर्यंत,
मध्येच आत शिरलेली, मध्येच तुटलेली.
काय सुचलं कोण जाणे,
तोही दाखवला.

बराच वेळ चक्र फिरत राहिलं.
मग किनारे आले.
आभाळातून काढलेले,
निळ्याच्या कडेला पांढरा फेस:
नॉर्वे, चिली, कुठलंसं बेट
जिथे माणूस राहत नाही.
शर्ट एकसुद्धा नाही.

मी बटण दाबत गेलो.
सातव्या का आठव्या खेपेला एक खाडी आली,
तोंडाशी वाळूची जीभ, डावीकडे झाडी,
आणि मी खुर्चीत सरळ बसलो.
दोन बोटांनी ताणून ताणून मोठी केली.
जेटी शोधली. बर्फाचा कारखाना शोधला.
मोझांबिक होतं.

आमचा बाप सातपाटीहून रात्री होडी काढायचा,
आणि उजाडल्यावर मागे वळून
किनाऱ्याकडे बघत बसायचा.
डोंगराच्या खांद्यावर देवळाचा कळस टेकला
आणि एकटा ताड मिठागरावर आला
की म्हणायचा, इथं.
हातभर पुढे नाही, हातभर मागे नाही.
मी एकदा म्हटलं, दादा, पाणी तर सगळं सारखंच.
त्याने उत्तर दिलं नाही.
जाळं माझ्या हातात दिलं आणि बोट दाखवलं.
त्याला तसलं आणखी नको असायचं.
तेच हवं असायचं.

रूमवर आलो तेव्हा बाथरूमला तिघांची रांग.
शर्ट बादलीत टाकला, पावडर टाकली.
किनारा लगेच गेला नाही,
आधी काळा झाला, मग दिसेना.

शनिवारी मालकाला लिहून दिलं:
चांगलं आहे. नव्या पोरांना उपयोगी पडेल.
डावा ब्रॅकेट आणि उजवा ब्रॅकेट
ह्यातला फरक त्याला कळत नाही.
अंधारात चालत नाही.
भाव कमी करून घ्यावा.